पास-नापास सांगू नका, आकडे द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांची फिटनेस तपासणी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एका कागदाची आहे. जुनी खासगी गाडी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासली, की त्या तपासणीत जे काही मोजलं ते आकड्यांत लिहून मालकाच्या हाती द्यावं. कोणत्या चाकाला ब्रेक किती लागला, हेडलाइटचा झोत कुठे पडला, स्टिअरिंगला खेळ किती, धुरात काय निघालं. गाडी पास झाली तरी द्यावं आणि नापास झाली तर द्यावंच द्यावं.

नियम दिल्लीत होतात हे ठाऊक आहे. पण गाडीसमोर जो निरीक्षक उभा राहतो तो आपल्या खात्याचा, म्हणून पत्र आपल्याला. आणि उघड अशासाठी, की केंद्राचं रस्ते वाहतूक खातं सांभाळणारे नितीन गडकरी आमच्याच नागपूरचे खासदार आहेत. त्यांच्याही नजरेस पडलं तर एका दगडात काम होईल.

मी कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी करून निवृत्त झालो. प्रेशर गेज, थर्मोकपल, फ्लो मीटर यांच्यातच आयुष्य गेलं. आमच्याकडे प्रत्येक गेजवर एक चिकटपट्टी असायची : शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या मापाशी ताडणी, कधी झालं, पुढचं कधी, कोणी केलं. ज्या गेजवर ती पट्टी नाही, त्याचा काटा काय दाखवतो हे वाचायच्या भानगडीत आम्ही पडत नव्हतो. खोड म्हणा, पण माणूस एकदा अशा खात्यात मुरला की कोणी नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं तर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘किती?’

गाडी २००५ सालची आहे. लहान, पेट्रोलवर चालणारी. सक्करदऱ्याहून धंतोलीला डॉक्टरकडे, महिन्या-दोन महिन्यांनी काटोलला, लग्नसराईत वर्धा-अमरावती. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांचा वेगळा टप्पा पाडला आणि मोटारीला १०,००० रुपये लावले, मोटारसायकलला २,०००. मुदत उलटली तर मोटारीला महिन्याला ५०० वेगळे. पर्यावरण कर वेगळा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे ७४५ अधिक जीएसटी, तेही वेगळे. माझी गाडी आज विकायला काढली तर साठ-सत्तर हजारांपुढे कोणी बोलणार नाही.

शुल्क वाढलं म्हणून मी गळा काढत नाही. सरकारला जुन्या गाड्या कमी व्हायला हव्या आहेत, ते सरकारने सरळ सांगितलेलं आहे, आणि शुल्क हा त्याचा एक मार्ग आहे. माझी हरकत निराळी आहे. सहाशे रुपयांत जी तपासणी झाली होती, तीच दहा हजारांत झाली.

कोणत्या कार्यालयाच्या मैदानात झाली ते लिहीत नाही, कारण तक्रार त्या निरीक्षकाबद्दल नाहीच. त्याच्यासमोर रांग होती, डोक्यावर ऊन होतं आणि हातात मोबाइल सोडला तर दुसरं उपकरण नव्हतं. त्याने चेसिस नंबर पाहिला, चारी बाजूंनी फोटो काढले. हॉर्न, इंडिकेटर, वायपर, अपर-डिपर झालं. गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक मारायला सांगितला. गाडी थांबली. पास.

गाडी नेण्याआधी मी मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रममधले ब्रेक शू, म्हणजे आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, बदलून घेतले होते. शूंना दाब देणारा एका बाजूचा व्हील सिलिंडर पाझरत होता, तोही नवा टाकला. गॅरेजवाला मुलगा तेव्हाच म्हणाला होता, “काका, पासिंगले एवढं कोनी करत नाही. हॉर्न वाजला पाह्यजे, वायपर हालला पाह्यजे, झालं.” त्याचं बरोबर होतं. त्याच जुन्या शूंवर, त्याच पाझरत्या सिलिंडरवर गाडी नेली असती तरी ती पास झाली असती. ड्रमच्या आत काय आहे हे कळायची त्या मैदानात सोयच नव्हती.

माझ्या पुढे एक गाडी होती, ती नापास झाली. मालकाला तोंडी सांगितलं, “बॉडी खराब आहे, करून आणा.” कुठली बॉडी? दार, फ्लोअर, चेसिसचा तुकडा? वरचा रंग उडालाय की खालचा पत्रा गंजलाय? रंग उडणं हा शोभेचा प्रश्न आहे आणि सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तिथला पत्रा गंजणं हा जिवाचा. कागदावर यातलं काहीच उतरलं नाही. त्या मालकाने पुढे काय केलं ते मी पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही. पण नापासाचं कारण जिथे लेखी मिळत नाही, तिथे कारण समजावून सांगायला एजंट हजर असतो, हे आपल्यालाही माझ्याइतकंच माहीत आहे.

ब्रेकपुरता नियमात आकडा आहे, हे लक्षात आणून देतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९६ व्या नियमानुसार ताशी ३० किलोमीटर वेगातली गाडी पायाचा ब्रेक लावल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. म्हणजे वेग ठाऊक हवा आणि अंतर मोजायला हवं. व्यावसायिक वाहनांची ही चाचणी नीट व्हावी यासाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे, हे सांगायला मुंबई उच्च न्यायालयाला एका जनहित याचिकेत मध्ये पडावं लागलं होतं. खासगी गाडीच्या मालकाने मागणी केली तर त्याची गाडी किती मीटरमध्ये थांबली हे त्याला कोण सांगणार? कोणी मोजलेलंच नसतं.

शिवाय १३ मीटर ही अट फार दयाळू आहे. चांगल्या स्थितीतली मोटार ३० च्या वेगातून कोरड्या रस्त्यावर सहा मीटरच्या आसपास थांबते, बऱ्याच त्याहून लवकर. आता १३ मीटरवर कशीबशी पास झालेली गाडी घ्या आणि तिला नागपूरच्या टोकाने समृद्धी महामार्गावर चढवा. तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे. वेग चौपट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सोळापट होतं. १३ गुणिले १६ म्हणजे २०८ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गाडी जेवढी धावते ते यात धरलेलं नाही. १२० वरून थांबताना लायनिंग, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, तापतं आणि त्याची पकड घटते, तेही धरलेलं नाही. मैदानात ‘पास’ या एका शब्दाखाली सहा मीटरवाली गाडीही आली आणि तेरावालीही आली, आणि दोघांच्या मालकांना आपली गाडी कोणती हे कळलं नाही. तेरावाल्याला आकडा कळला असता तर त्याने निदान समृद्धीवर डावी लेन सोडली नसती. बहुधा ब्रेकच करून घेतले असते.

अंतर मोजूनही एक गोष्ट सुटते, ती म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतला फरक. एका बाजूचा ब्रेक चांगला आणि दुसऱ्या बाजूला तेल गळून ओलं झालेलं लायनिंग, अशी गाडी ३० वर सरळ थांबू शकते. तीच गाडी जुलैत वर्धा रोडच्या ओल्या सिमेंटवर सत्तरने जाताना ब्रेक मारला तर एका अंगाला ओढली जाते. हा दोष रोलर ब्रेक टेस्टरवर मिनिटभरात सापडतो. चाकं रोलरवर चढवायची, ब्रेक दाबायचा, दोन्ही बाजूंचे आकडे पडद्यावर वेगवेगळे दिसतात. त्याला निरीक्षकाचा अनुभव लागत नाही, एजंटची ओळख चालत नाही.

आता वयाचा मुद्दा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पहिली पंधरा वर्षं पीयूसी सोडली तर त्या गाडीकडे सरकारी डोळ्यांनी कोणी पाहत नाही. टॅक्सीला मात्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. टॅक्सी जास्त धावते, म्हणून ते योग्यच. पण चौदा वर्षांत अडीच लाख किलोमीटर धावलेली, दोनदा ठोकलेली खासगी गाडी तपासणीशिवाय फिरते आणि सोळा वर्षांची, घरापुढे झाकून ठेवलेली गाडी ‘जुनी’ म्हणून गुन्हेगार ठरते. आमच्याच गल्लीत जेमतेम तीन वर्षांची एक एसयूव्ही आहे. तिला बाहेरून बसवलेले पांढरे दिवे असे आहेत की समोरचा मिनिटभर आंधळा होतो. तिच्या तपासणीला अजून बारा वर्षं अवकाश आहे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, असं मंत्रालयाचाच अहवाल सांगतो, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेग नोंदवलेला आहे. जुन्या गाड्यांचे पाठीराखे हा आकडा लगेच पुढे करतात : आमच्या गाड्या पळतातच कुठे! मला हा युक्तिवाद पटत नाही. अपघातानंतर पंचनाम्यात अतिवेग लिहिणं सोपं असतं, ब्रेकचा ड्रम उघडून पाहणं कष्टाचं. जे कोणी तपासलं नाही ते नव्हतंच असं म्हणता येत नाही. तपासणी हवीच. पण ती गाडीच्या अवस्थेची हवी. दिल्लीत वयावरच बंदी घालून काय गोंधळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. मग १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केवळ वयामुळे मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगावं लागलं.

गंमत अशी की वय आणि न्याय यांचा मेळ कसा घालायचा हे आपल्याच नियमांत एका जागी फार छान लिहिलेलं आहे. ती जागा म्हणजे पीयूसी. माझी गाडी भारत स्टेज दोनची, म्हणजे धुराच्या नियमांच्या दुसऱ्या पायरीची. गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना तिला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ७५० भाग. भारत स्टेज चारच्या गाडीला तेच ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. त्याआधीच्या, कोणतंच स्टेज नसलेल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के. गाडी ज्या काळात ज्या नियमाने बनली, तिच्याकडून तेवढंच मागायचं. (भारत स्टेज चार २०१० मध्ये आधी तेरा शहरांत आलं. त्यात सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्या दोन शहरांत दोन वेगळ्या नियमांच्या असू शकतात. वयाने मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.) आणि पीयूसीच्या कागदावर मर्यादाही छापलेली असते, मोजलेला आकडाही छापलेला असतो. शे-दीडशे रुपयांच्या तपासणीत आकडे मिळतात. दहा हजारांच्या तपासणीत का मिळू नयेत?

वय मोजणाऱ्यांना प्रदेशही दिसत नाही. मुंबई-रत्नागिरीची खारी हवा पत्रा खाते. आमच्याकडे समुद्र नाही. नागपूरची वीस वर्षांची गाडी खालून पाहिली तर पत्रा बऱ्याचदा ठणठणीत असतो. पण ४५ अंशांच्या मे महिन्यात इथे रबर मरतं. ब्रेकच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, भेगा पडतात, टायरची बाजू तडकते, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी. हेडलाइटची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडते आणि रात्री उमरेड रोडवर समोरची म्हैस दहा पावलांवर आल्यावर दिसते. इथल्या तपासणीने या गोष्टींवर जास्त वेळ घालवायला हवा. टायरवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं. ते वाचून लिहून घ्यायला यंत्र नको, खाली वाकायला हवं.

आता यंत्रांनी गाड्या तपासणाऱ्या स्वयंचलित केंद्रांकडे येतो, कारण आपलं खातं यावर उत्तर म्हणून त्यांचंच नाव घेईल. त्यांच्यासाठीचे सप्टेंबर २०२१ चे नियम मी वाचले आहेत. रोलर ब्रेक टेस्टर, साइड स्लिप, सस्पेन्शन, जॉइंट प्ले, हेडलाइट, धूर, आवाज, स्पीडोमीटर असं सगळं त्यात आहे. केंद्राने गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, सुटे भाग विकायचे नाहीत, फक्त तपासायचं, ही अट तर सोन्यासारखी. निकालाविरुद्ध अपिलाची तरतूदही आहे. राज्यात नाशिकने या कामाची वाट आधी दाखवली. व्यावसायिक वाहनांना सक्तीच्या तारखा पुढे ढकलल्या जात राहिल्या, पण दिशा ठरलेली आहे, आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात खासगी गाड्यांना वीस वर्षांनंतर याच केंद्रांत जावं लागेल असं जाहीर झालेलंच आहे. मी या केंद्रांच्या बाजूने आहे. तरी यंत्रांबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला चार शंका येतात.

यंत्र खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. यंत्र रोज थोडं थोडं खोटं बोलतं, म्हणून तर कॅलिब्रेशन असतं. रोलर झिजतो, सेन्सरचा शून्य सरकतो, पावसात रोलर ओले झाले की टायर घसरतो आणि ब्रेक आहे त्याहून कमी दिसतो. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा डिकीत सामान असेल तर हेडलाइटचा झोत वर-खाली होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असलेली गाडी तासभर रांगेत नुसती चालू उभी राहिली तर कन्व्हर्टर थंडावतो आणि धुराचा आकडा चढतो. थोडा वेळ अडीच हजार आरपीएमवर चालवून मग मोजलं की तीच गाडी पास. म्हणजे तपासणीच्या आधी गाडी कोणत्या अवस्थेत आणायची याची पद्धत ठरलेली हवी आणि ती केंद्राच्या फाटकावर मराठीत लावलेली हवी. काठावर नापास झालेल्या गाडीला त्याच दिवशी, त्याच शुल्कात एकदा पुन्हा मोजून मिळायला हवं. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर मालक निमूट गॅरेजला जाईल. लांब आले तर दोष गाडीचा नाही, यंत्राचा आहे.

पैशाचाही एक पेच आहे. केंद्र चालवणारा खासगी असेल आणि फेरतपासणीचे पैसे त्याला मिळत असतील, तर थोड्या जास्त गाड्या नापास करण्यात त्याचा फायदा. उलट शेजारी दुसरं केंद्र उघडलं तर सगळ्यांना पास करणाऱ्याकडे गर्दी वळणार. दोन्ही बाजूंनी मोह आहे. केंद्राच्या भिंतीवर ‘प्रामाणिकपणा हेच आमचे धोरण’ लिहून तो जात नाही. प्रत्येक केंद्राचे आणि कार्यालयाचे महिन्याचे आकडे जाहीर केल्याने जातो : किती गाड्या आल्या, किती पास, किती नापास, कशात नापास. एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ या नागपूरच्या तिन्ही कार्यालयांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की काही सांगावं लागणार नाही. वर्षभर एकही गाडी ब्रेकमध्ये नापास झाली नसेल, तर तिथे ब्रेक तपासलाच जात नाही.

‘आकडे छापले तरी खोटे छापतील,’ असं आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर एकाने सांगितलं. नळी न लावता मिळणाऱ्या पीयूसीचं उदाहरणही दिलं. खरं आहे. पण खोटे आकडे पकडणं सोपं असतं, हे मी नोकरीतल्या अनुभवाने सांगतो. रात्रपाळीला कोणी मीटरपर्यंत न जाता लॉगशीट भरली की ती सकाळी वाचताच कळायची. खऱ्या आकड्यांना विस्कळीतपणा असतो : ६१, ५७, ६६, ५४. बनवलेले आकडे फार शहाणे असतात. ओळीने ६०, ६०, ६०, किंवा सगळे मर्यादेच्या जरासे अलीकडे. दिवसाच्या चाळीस गाड्यांचे आकडे एका तक्त्यात मांडले तर कोणत्याही इन्स्ट्रुमेंटवाल्याला दहा मिनिटांत दिसेल की इथे माणसाने मोजलंय की माणसाने लिहिलंय. नुसत्या ‘पास’ या शब्दाची अशी झडती घेता येत नाही. चाळीस वेळा ‘पास’ खऱ्या तपासणीतही लिहिलेलं असतं आणि खोट्यातही.

भाजीवाल्याच्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, तोही मुदतीचा. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं माप काढून दाखवा असं कोणताही ग्राहक म्हणू शकतो आणि पंपवाल्याला ते दाखवावं लागतं. पावशेर कोथिंबिरीसाठी आणि पाच लिटर पेट्रोलसाठी जो हक्क मला आहे, तो माझ्या गाडीच्या ब्रेकसाठी हवा. रोलर टेस्टरवर कॅलिब्रेशनची तारीख दिसेल अशी लावा. मालकाने विचारलं तर प्रमाणपत्र दाखवा. माझ्या कागदावरही ती तारीख छापा.

परदेशाचे दाखले देत बसणारा मी नाही, पण एक देतो, कारण तो शुल्काशी जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. शुल्काची कमाल मर्यादा ५४.८५ पौंड, आणि गाडी चार वर्षांची असो की चोवीस, ती तीच. गाडीचा नंबर टाकला की तिच्या जुन्या तपासण्या कोणालाही फुकट पाहता येतात : कधी नापास झाली, कशात झाली, कशावर नुसता इशारा दिला, किती मैल झाले होते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. आपल्याकडे वाहन पोर्टलवर फिटनेसची मुदत दिसते. त्या मुदतीमागे काय पाहिलं होतं ते दिसत नाही.

पाच वर्षांत एकदा दहा हजार घेऊन पास म्हणायचं, यापेक्षा दर दोन वर्षांनी हजार-बाराशे घेऊन नीट मोजायचं, हे मला पटतं. ब्रेकचं लायनिंग पाच वर्षं वाट पाहत नाही. आज चांगलं असलेलं होज तिसऱ्या उन्हाळ्यात फुटतं. हे वाचून माझ्यासारखेच जुन्या गाड्यांचे मालक मला शिव्या घालतील, घालू देत. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. पासिंगपुरते भावाच्या गाडीचे टायर चढवणारे, इंजिन लाइटचा बल्बच काढून ठेवणारे, हँडब्रेक ओढला तरी गाडी उतारावर सरकते हे ठाऊक असून चाकाखाली वीट लावून भागवणारे आमच्यातच आहेत. त्यांचं आज चालून जातं, कारण तपासणी पाहत नाही. त्यांचं पकडलं जावं असंच मला वाटतं. फक्त ज्याने ब्रेक शू बदलले आणि ज्याने वीट लावली, त्या दोघांच्या कागदांत फरक दिसावा.

जुन्या गाडीचा मालक म्हणजे शौकीन, असा समज वरच्या कचेऱ्यांत असावा असं कधी-कधी वाटतं. शौकिनांची सोय झालेली आहे. पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांना २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. इतवारीतला छोटा व्यापारी, कुहीहून आठवड्यातून दोनदा शहरात येणारा शेतकरी, पेन्शनीतला मास्तर यांच्याकडची गाडी शौकाची नसते. नवी परवडत नाही म्हणून ती असते. त्याला ‘भंगारात काढा, सवलत मिळेल’ म्हणताना ती सवलत नव्या गाडीवरच मिळते हे विसरता येत नाही. त्याच्या गाडीत खरोखर जिवाला धोका असेल तर ती बंद करा, माझी ना नाही. पण कोणत्या आकड्यामुळे बंद केली ते त्याला सांगा, आणि दुरुस्त करून पुन्हा मोजून घ्यायला वेळ द्या.

हे सगळं राज्यभर एकदम होणार नाही. नागपुरापासून सुरुवात करा. इथे तीन कार्यालयं आहेत, समृद्धीचं टोक आहे, आणि टोकावर टायर तपासण्याची सवय खात्याने याआधी लावून घेतलेली आहे. यासाठी कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही. मोजलेलं लिहून देऊ नका असं कोणत्याच नियमात नाही. एका कार्यालयात एक रोलर टेस्टर, एक हेडलाइट टेस्टर आणि एक छापायचं यंत्र, एवढ्याने सहा महिने चालवून पाहा. आलेले आकडे गाडीनंबर वगळून जाहीर करा. त्यावरून जुन्या गाड्या खरोखर किती धोकादायक आहेत हे खात्यालाही पहिल्यांदा कळेल, आणि पुढचं शुल्क ठरवताना काहीतरी हाताशी असेल.

असं यंत्र बसलं आणि त्याचं कॅलिब्रेशन लोकांसमोर करून दाखवायचं ठरलं, तर तारीख वर्तमानपत्रात द्यावी. मी येईन. कोराडीचे माझे दोन-तीन जुने सहकारीही येतील, आणि शून्य बरोबर लावलाय की नाही ते आम्ही विचारणार, एवढी कल्पना निरीक्षकांना आधीच देऊन ठेवावी.

आपला,
एक वाहनधारक,
सक्करदरा, नागपूर